खाली आहे

१

धाकटा सापडला तो जाळीपाशी.

पावसाच्या पाण्याची भुयारी लाईन जिथे रस्त्याखालून बाहेर पडते आणि उघड्या नाल्याला मिळते, तिथे जाड गजांची जाळी आहे. लोकांनी फेकलेलं सगळं तिथे येऊन अडकतं. बाटल्या, उशा, फाटक्या चपला, एकदा तर अख्खी सायकल. त्या दुपारी माणूस अडकला. अंगात केशरी जॅकेट, एका पायात गमबूट, दुसरा पाय उघडा.

वहिनी धावत पोचली तेव्हा गुरुजी कमरेएवढ्या पाण्यात उभे होते. त्यांनीच धाकट्याला गजांपासून सोडवलं, लहान मुलासारखं दोन्ही हातांवर उचललं आणि काठावर आणून ठेवलं. त्यांचा पांढरा शर्ट गळ्यापासून काळा झाला होता. जेटवाला धाकट्याची छाती दाबत राहिला, दाबतच राहिला. शेवटी मुकादमाने त्याचा हात धरला. "पुरे. गेला तो."

वहिनीला तो उघडा पाय तेवढा दिसत होता. सकाळी त्याच पायात मोजा नाही म्हणून तिने त्याला झापलं होतं. "बूट चावेल, मग बोंबलत येशील माझ्याकडे." तर हा पठ्ठ्या म्हणाला होता, "वहिनी, तो चावला तर मीही त्याला चावेन."

"फुगा कुणी सोडला?" मुकादमाने विचारलं.

वरच्या मजल्यांवरच्या खिडक्या एकेक करून उघडत होत्या. एरवी ह्यांची गाडी आली की नाकाला रुमाल लावून धाडकन बंद होणाऱ्या खिडक्या. मेलेल्या माणसाचा वास येत नाही वाटतं त्यांना.

"मी सोडला," गुरुजी म्हणाले. आवाज स्वच्छ होता. "सोड म्हणून सांगितलं, तेव्हाच सोडला."

"कुणी सांगितलं?"

गुरुजींनी हात उचलला आणि सरळ वहिनीकडे बोट केलं.

"हिने."

२

वहिनी म्हणजे सक्शन गाडीची ऑपरेटर. धाकटा तिचा सख्खा दीर, तिच्याच गाडीवर हेल्पर. तो वहिनी म्हणायचा म्हणून सगळी टोळी तिला वहिनी म्हणायला लागली, वयाने मोठा असलेला मुकादमसुद्धा. गाडीचं नाव हत्तीण. पाठीवर हे भलंथोरलं टाकं, मागे लोंबणारी जाड रबरी सोंड. सोंड चेंबरात सोडायची, पंप सुरू करायचा, आणि शहराने वर्षभर गिळलेली घाण हत्तीण एका श्वासात ओढून घेते.

पण लाईनमध्ये पाणी वाहत असताना गाळ ओढता येत नाही. म्हणून रस्त्याच्या चढावर, वरच्या चेंबरात, पाईपच्या तोंडात रबरी फुगा बसवतात. हवा भरली की फुगा पाईपला बुचासारखा घट्ट बसतो. पाणी वर तुंबतं, आणि उताराच्या चेंबरात काम करता येतं. फुग्याचा दोर आणि हवेची चावी सांभाळत तिथे एक माणूस बसतो. त्याने एकच करायचं. तिथून हलायचं नाही.

तो माणूस गुरुजी. टोळीतल्या प्रत्येकाला काम त्यांनी शिकवलं, म्हणून गुरुजी. वहिनी नवीन आली तेव्हा "बाईमाणूस काय गाडी चालवणार" म्हणून सगळे दात काढत होते. तिला सोंडेवर हात ठेवायला त्यांनीच शिकवलं.

त्या दुपारी सोंडेच्या तोंडात कुणीतरी ढकललेलं बांधकामाचं पोतं अडकलं. धाकटा शिडी लावून उतरला. कायद्यात माणसाने उतरायचं नसतं. कायद्यात तर पोतीही नसतात. वहिनी गाडीच्या चाव्यांपाशी उभी होती, पंप घोंगावत होता. एवढ्यात कमरेचा वॉकीटॉकी खरखरला. मधलं काही कळलं नाही, शेवटचे दोनच शब्द कानावर आले. "...सोडू का?"

वहिनी ओरडली होती, "खाली आहे! खाली आहे!"

आणि मग जमिनीतून रेल्वे गेल्यासारखा आवाज आला.

मुकादमाचा निकाल संध्याकाळपर्यंत तयार झाला. "वहिनी, तुम्ही म्हणालात खाली आहे. तुमच्या मनात होतं, माणूस खाली आहे. गुरुजींना वाटलं, लाईन खाली आहे. म्हणजे रिकामी. भांडं खाली केलं, खोली खाली केली, म्हणतोच ना आपण? शब्दाचा घोटाळा. वाईट झालं, पण मुद्दाम कुणी केलेलं नाही. साहेबांसमोर एवढं कबूल करा. तुम्हाला गाडीवरून काढतील, दुसरं काही होणार नाही."

दुसरं काही होणार नाही! घरी नवरा भिंतीकडे तोंड करून पडला होता. आणि जाऊ, जी कालपर्यंत ताई ताई करत मागेपुढे फिरायची, ती दारात बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होती, "त्या बाईने मारलं माझ्या माणसाला. एका शब्दाने मारलं."

वहिनीने ते ऐकून घेतलं. काय बोलणार? शब्द तर तिच्याच तोंडून गेला होता. मोरीत बसून ती हात घासत राहिली आणि स्वतःलाच विचारत राहिली, मी मारलं का त्याला? खरंच मी?

आणि साबण हातातून सुटला.

टोळीत 'खाली' ह्या शब्दाचा एकच अर्थ होता. टाकी रिकामी असेल तर रिकामी म्हणायचं, लाईन स्वच्छ असेल तर मोकळी. खाली म्हणजे माणूस. खाली ऐकलं की आहे तिथे हात थांबवायचा. फार पूर्वी ह्याच शब्दापायी एकाची बोटं पंपात गेली होती, तेव्हापासूनचा नियम. नवीन माणसाला पहिल्या दिवशी सगळ्यात आधी हाच शिकवला जायचा.

शिकवायचे गुरुजी. नियम केलेलाही गुरुजींनीच.

३

"मग चुकले असतील," मुकादम म्हणाला. "वय झालं त्यांचं."

"नियम करणारा माणूस नियम विसरला?"

"तुम्ही आता गुरुजींवर संशय घेणार? ज्यांनी तुम्हाला भाकरीला लावलं?"

मुकादमाची खोली म्हणजे पत्र्याचं खोपटं. कोपऱ्यात फावडी, पहारी, आणि खिळ्यावर सुरक्षेचे पट्टे टांगलेले. नवेकोरे. प्लास्टिकची पिशवीसुद्धा काढलेली नव्हती. वहिनी त्या पट्ट्यांकडे बघत राहिली. धाकटा आठवडाभर पट्टा मागत होता. परवा ह्याच दारात दोघांची जुंपली होती. मुकादम म्हणाला होता, "फार शहाणपणा करतोस, तुझं तोंड एक दिवस बंद करावं लागेल."

झालं की मग. बंद झालं.

"हे वाटले का नाहीत?"

मुकादमाची नजर पट्ट्यांवर गेली आणि लगेच परत आली. "उतरायलाच बंदी आहे, तर पट्टे कशाला वाटू? वाटले म्हणजे मी उतरवतो असं कबूल केल्यासारखं नाही का होत?"

"आणि उतरला नाही तर काम बंद म्हणून ओरडायचं."

"वहिनी, आवाज खाली."

"आणि वरच्या चेंबरभोवतीचा रस्ता जेटने धुवून का घेतलात? धाकट्याचं अंग अजून काठावर होतं."

"दुकानदारांची तक्रार होती. चिखल आला, गिऱ्हाईक येत नाही म्हणून." तो उठून उभा राहिला. "मी काही लपवायला धुतला नाही."

पण त्याच्या कपाळावर घाम होता. आणि वहिनीला पक्कं कळलं, हा माणूस काहीतरी लपवतोय. फक्त काय, ते कळत नव्हतं.

"तुम्ही तेव्हा कुठे होतात?" तिने विचारलं.

"जेटच्या गाडीवर. विचारा त्याला," मुकादम म्हणाला. आणि मग बोलू नये ते बोलून गेला. "त्याचं आणि धाकट्याचं सकाळी काय झालं, तेही विचारा."

४

जेटवाला म्हणजे टोळीतला सगळ्यात तोंडाळ गडी. जोराच्या पाण्याने तुंबलेली लाईन फोडायची, हे त्याचं काम. बोलणंही तसंच.

"हो, झालं भांडण! हातमोज्यांवरून झालं. माझे नवे मोजे घातले त्याने, स्वतःचे फाटके मला ठेवले. मी म्हणालो, तुझ्या बापाचे का रे? तो म्हणाला, बापाचे नाहीत, तुझे आहेत म्हणूनच घातले. आता काय, मोज्यांसाठी मारला मी त्याला?" एवढं बोलून तो पाठमोरा झाला आणि पाईप गुंडाळायला लागला. गुंडाळलेलाच पाईप. "मरताना त्याच्या हातात माझेच मोजे होते, वहिनी. मी परत नाही घेतले."

वहिनीने पाईपचं दुसरं टोक उचलून त्याच्या हातात दिलं. मग म्हणाली, "मुकादम तुझ्याबरोबर होता?"

"होता. डोकं खात होता. वॉकीवर तुमचा आवाज आला, तेव्हा आम्ही दोघंही गप्प झालो. 'खाली आहे' ऐकलं की कोण हलतं?"

"तू ऐकलंस आणि थांबलास."

"मग? गुरुजींनी कान उपटून शिकवलंय."

"आणि गुरुजी थांबले नाहीत."

जेटवाल्याने पाईप खाली ठेवला. हे त्याच्या डोक्यात आलं नव्हतं, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं. "म्हातारा गोंधळला असेल..."

"माझ्या आधी कुणी बोललं का? 'सोडू का?' असं?"

"असं काहीतरी होतं. आवाज नाही ओळखला. खरखर फार."

"आवाज ऐकून तू कुठून धावलास?"

"चढावरूनच की. वरच्या चेंबराच्या पुढे उभी होती माझी गाडी. चेंबरावरून उडी मारणार होतो, पण झाकण लावलेलं होतं, म्हणून सरळ त्याच्यावरूनच गेलो."

"झाकण लावलेलं?"

"हो."

"आणि गुरुजी?"

"तिथे नव्हते. मला वाटलं, आधीच जाळीकडे पळाले. पण मी जाळीपाशी पोचल्यावर आले ते. बाजारच्या गल्लीतून." तो थांबला. "वहिनी, असं का बघताय?"

फुगा सुटला, पाणी गेलं, माणूस वाहून चालला. अशा वेळी जड लोखंडी झाकण ओढून नीट बसवायला कोण थांबतो?

५

वरचं चेंबर फरशीच्या दुकानासमोर होतं. वहिनी झाकणापाशी उकिडवी बसली. येणारेजाणारे तिला वळसा घालून जात होते. आज तिच्या अंगाला वास नव्हता, पण केशरी जॅकेट दिसलं की लोकांना वास आपोआप येतो.

झाकणाला कडेला एक खाच असते. तिच्यात हूक घालून झाकण उचलायचं. परत बसवताना ती खाच पाणी वाहतं त्या बाजूला ठेवायची, म्हणजे पुढच्या टोळीला न उघडताच कळतं, लाईन कुठे चालली आहे. ह्याची इतकी सवय की धाकटा घरच्या डब्याचं झाकणसुद्धा तसंच फिरवून बसवायचा आणि जाऊ हसायची.

ह्या झाकणाची खाच दुकानाच्या भिंतीकडे होती.

टोळीतला कोणताही हात झाकण असं बसवणार नाही. दारू पिऊनही नाही.

"काय हरवलंय का, मॅडम?"

दुकानाचा वॉचमन. पिकलेल्या मिशा, ढगळ वर्दी, उजव्या तळव्याला पट्टी.

"हाताला काय झालं?"

"इस्त्री लागली." घाईने म्हणाला. हात पाठीमागे गेला. "तुमचा माणूस गेला ना परवा? फार वाईट झालं. बसा ना जरा सावलीत. चहा दिला असता, पण थर्मास खाली आहे."

वहिनीने खाली पाहिलं. खुर्चीच्या पायांपाशी, स्टुलाखाली. थर्मास कुठे दिसेना. मग तिची नजर वर आली. थर्मास टेबलावर होता, बूच काढून उपडा ठेवलेला.

रिकामा.

ती त्या उपड्या थर्मासकडे बघत राहिली. वॉचमन तिच्याकडे बघत राहिला.

"इस्त्रीने तळवा भाजतो होय?" शेवटी ती म्हणाली. "इस्त्री धरतात तर मुठीने."

वॉचमन दुकानात गेला. आणि आतून कडी लागल्याचा आवाज आला.

६

गुरुजींचं घर तिने आजवर पाहिलं नव्हतं. ते कुणालाच बोलवायचे नाहीत. तिने कडी वाजवली, ती सरळ जाब विचारायच्या तयारीने.

दार गुरुजींनी उघडलं. अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट. तिला पाहून चेहरा राखेसारखा झाला.

"कोण आहे?" आतून भारदस्त आवाज आला.

"कोणी नाही..." गुरुजी मागे वळून म्हणाले. "शेजारच्या बाई आहेत."

शेजारच्या बाई! ज्या माणसाने तिला सोंड धरायला शिकवलं, जो तिला सगळ्यांदेखत पोरी म्हणायचा, त्याची ती शेजारची बाई झाली. वहिनी आत गेली आणि मुद्दाम खुर्चीवर बसली.

समोर एक जाडजूड गृहस्थ बसले होते. गुरुजींचे होणारे व्याही. गुरुजींची मुलगी पाण्याचा पेला घेऊन आली, वहिनीकडे पाहून ओशाळं हसली आणि आत पळाली. तिच्या डोळ्यांत भीती होती. पोरीला सगळं ठाऊक होतं तर.

"या, बसा," गृहस्थ म्हणाले, जणू घर त्यांचंच होतं. "तुमचे हे शेजारी म्हणजे फार साधा माणूस हो. एवढ्या मोठ्या हुद्द्यावरचा अधिकारी, पण तोरा म्हणून नाही. परवा बाजाराच्या रस्त्यावर अचानक गाठ पडली. मी हाक मारली, तर कामाची पाहणी अर्धी टाकून आले माझ्याबरोबर चहाला. आणि चहा अर्धा झाला तर काय, कसलासा आवाज झाला आणि पळाले! म्हटलं, कामाचा माणूस आहे."

"पाहणी," वहिनी म्हणाली.

"हो ना. त्या गटारवाल्यांवर लक्ष ठेवावं लागतं म्हणे. काय एकेक कामं असतात! मला तर तो वास आला तरी जेवण जात नाही."

गुरुजी उभे होते, दोन्ही हात जोडल्यासारखे पोटाशी. ते तिच्याकडे बघत नव्हते. तिच्या तोंडून एक वाक्य जायचा अवकाश होता.

वहिनी उठली. "येते मी. उद्या सकाळी वरच्या चेंबरपाशी या, साहेब," ती गुरुजींना म्हणाली. "पाहणीला."

७

मुकादमाला तिने निरोप धाडला होता, कबूल करायला येते, सगळ्यांना बोलवा. तो खुशीत सगळ्यांना घेऊन आला. जेटवाला आला, गुरुजी आले. जाऊही आली. तिला वहिनीचा कबुलीजबाब स्वतःच्या कानांनी ऐकायचा होता. दुकान उघडलं होतं, टेबलावर थर्मास आजही उपडाच होता आणि वॉचमन दारात अवघडून उभा होता.

"कबूल करते," वहिनी म्हणाली. "'खाली आहे' मीच म्हणाले. धाकटा खाली होता, म्हणून म्हणाले. आणि ते ऐकून फुगा सोडला गेला. आता मला एवढंच सांगा, ते कुणी ऐकलं?"

"गुरुजींनीच की," मुकादम म्हणाला.

"वॉचमनदादा, जरा चहा देता का ह्यांना?"

वॉचमन चाचरला. "दिला असता मॅडम... पण थर्मास खाली आहे."

सगळ्यांनी खाली पाहिलं.

मुकादमाने पाहिलं, जेटवाल्याने पाहिलं. आणि गुरुजींनीही पाहिलं. स्वतःच्या पायांपाशी, खुर्चीच्या खाली, फरशीवर. मग एकेकाची मान वर आली आणि नजर टेबलावरच्या उपड्या थर्मासवर जाऊन थांबली. गुरुजींची मान मात्र वर आलीच नाही.

"बघितलंत?" वहिनी म्हणाली. "आपल्यातला एकजण तरी खालीचा अर्थ रिकामं असा ऐकू शकतो का? झोपेत तरी? अहो गुरुजी, तुमचीही मान गेली खाली. माझा शब्द ज्याने ऐकला तो आपल्यातला नव्हताच. आपला माणूस 'सोडू का' असं विचारतच नाही. तो आधी विचारतो, खाली कोण? आपला माणूस झाकणाची खाच भिंतीकडे ठेवत नाही. आपला माणूस हातमोज्यांशिवाय दोर धरत नाही. फुगा सुटला की दोर हातातून सरसरत जातो आणि तळवा सोलून काढतो. इस्त्री लागल्यासारखा."

वॉचमनने पट्टीचा हात छातीशी धरला. आणि मग तो तिथेच, पायरीवर, मटकन बसला.

"मला काय माहीत, मॅडम? हे बाबा म्हणाले, जरा हे बोलायचं यंत्र धरा, आलोच. पाणी वर येत होतं. पायरीला लागलं. आत मालकाचा माल. मी विचारलं, पाणी आलंय, सोडू का? तर बाईंचा आवाज आला, खाली आहे, खाली आहे. मला वाटलं, लाईन खाली आहे, सोडा. ह्यांना चावी फिरवताना बघितलं होतं मी. फिरवली. दोर सुटला, हात गेला. कुणी पडेल म्हणून झाकण ओढलं." तो लहान मुलासारखा रडायला लागला. "दुसऱ्या दिवशी हे आले आणि म्हणाले, तुम्ही काही बोलू नका, मी बघतो. मला माहीतच नव्हतं हो, आत माणूस होता."

"गुरुजी," जेटवाला म्हणाला.

"व्याही दिसले," गुरुजी जमिनीला सांगितल्यासारखं म्हणाले. "समोरून येत होते. मी इथे, ह्या जॅकेटात. पोरीचं जमवताना सांगितलं होतं, खात्यात अधिकारी आहे. जॅकेट काढलं, गुंडाळून दुकानाच्या पायरीमागे टाकलं. वाटलं, त्यांना कोपऱ्यापर्यंत पोचवून येतो. त्यांनी चहाचा आग्रह धरला. नाही म्हणता येईना."

"आणि माझ्यावर का ढकललंत?" वहिनीने विचारलं. "मारलंत तर मारलंत. माझ्यावर का?"

"तुझा शब्द सगळ्यांनी ऐकला होता, पोरी. तिथे पडलेलाच होता तो. मी उचलला."

मुकादम घसा खाकरून म्हणाला, "म्हणजे तशी कुणाची मुद्दाम चूक..."

"तुम्ही गप्प बसा!" वहिनी कडाडली. "तुम्हाला शब्दाचा घोटाळा हवाच होता. शब्दावर निभावलं की पट्ट्यांचं कुणी विचारणार नाही. त्या पिशव्या फाडा आता. मी साहेबांसमोर येणार आहे, आणि पहिल्यांदा तेच सांगणार आहे."

जाऊ पुढे आली आणि गुरुजींच्या समोर उभी राहिली. सगळ्यांना वाटलं, आता ही हात उचलते.

"तो तुमचं नाव घेतल्याशिवाय जेवायचा नाही," ती म्हणाली. "गुरुजी असे, गुरुजी तसे. त्याला कधी लाज नाही वाटली ह्या जॅकेटाची. तुम्हाला वाटली?"

गुरुजींनी हातातल्या पिशवीतून जॅकेट काढलं. पांढऱ्या शर्टावर चढवलं, गळ्यापर्यंत चेन ओढली. मग एकटेच निघाले, बाजाराच्या भर रस्त्याने, आधी व्याह्यांच्या घराकडे आणि तिथून पोलीस चौकीकडे. लोक वळसा घालून जात होते. ह्या वेळी त्यांनी जॅकेट लपवलं नाही.

८

धाकट्याच्या जागी जावेला नोकरी मिळाली. मुकादम नवा होता, भला वाटत होता. म्हणाला, "ऑफिसात बसा, झाडलोट करा, सावलीतलं काम आहे."

"मी फुग्याशी बसेन," जाऊ म्हणाली.

"ते जोखमीचं आहे हो."

"म्हणूनच. तिथून मी हलणार नाही."

घरी ती वहिनीशी बोलायची ते कामापुरतं. मीठ द्या, दार लावा. 'त्या बाईने' असं म्हणणं थांबलं होतं, पण त्या जागी दुसरं काही आलं नव्हतं. वहिनीनेही मागितलं नाही. पहिल्या दिवशी तिने जावेला दोर दाखवला, चावी दाखवली, मोजे दिले, आणि त्या सगळ्याच्या आधी एक शब्द शिकवला. जावेने तो मान खाली घालून ऐकला.

मग पुन्हा तोच रस्ता आला. हत्तिणीने गाळ ओढून घेतला, जेटवाल्याने सोंड वर घेतली. चढावर, फरशीच्या दुकानासमोर, केशरी जॅकेटातली एक बारीकशी आकृती चेंबरापाशी ताठ उभी होती. वॉचमन तिच्याशेजारी पाण्याची बाटली ठेवून गेला होता. तिने तिकडे पाहिलंही नव्हतं.

वॉकी खरखरला.

"ताई?"

वहिनीचा हात चावीवर तसाच राहिला. तिने पंप बंद केला, म्हणजे पुढचं नीट ऐकू येईल.

"बोल."

"खाली कोण?"

वहिनी चेंबरापाशी गेली, गुडघ्यांवर बसली, आत डोकावून पाहिलं. ओली भिंत होती, शिडीही नव्हती. "खाली कोणी नाही."

मग आवाज आला, थोडा फाटलेला.

"पुन्हा सांगा."

"खाली कोणी नाही, बाळा. लाईन मोकळी आहे. सोड."

मग पाणी आलं.